जमीन नसलेल्या घराचे वायरिंग

भोरहून वरंधा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, पत्र्याच्या एका शेडमध्ये एक जुना ट्रक गेली कित्येक वर्षे उभा होता. लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकून बांधलेली बॉडी, मागच्या बाजूस प्रोजेक्टरसाठी पत्र्याने मढवलेली कोंदट खोली, तिच्या भिंतीला दोन चौकोनी भोके, बाजूला तिकिटांची खिडकी आणि पुढच्या अंगाला पाच-सहा माणसे दाटीवाटीने झोपतील एवढी जागा. जत्रांमागून जत्रा करणाऱ्या तंबूतल्या सिनेमाची ही गाडी. आठ महिने तीच घर, तीच कचेरी आणि तेच यंत्रघर. आता मालकांच्या नातवाच्या मनात तिला पुन्हा चालती करून, सहकुटुंब मुक्कामी हिंडण्याजोगे घर बनवावे असे आले. इंजिनाचे आणि ब्रेकचे काम गॅरेजमध्ये झाले, पत्रा बदलला गेला, रंग लागला. अडले ते वायरिंगपाशी. 'सगळे उपटून टाका आणि नवे घाला' असा सल्ला सर्वांनीच दिला. आम्ही मात्र आधी जुने वायरिंग शोधून काढू, त्याचा नकाशा करू आणि मगच ते काढू, असा हट्ट धरला. तो हट्ट का धरावा लागला आणि त्यातून काय हाती आले, हे सांगण्यासाठी हा लेख.

फिरत्या सिनेमाचा इतिहास आपल्याकडे लिहिला गेला तो बहुतेक पडद्याच्या बाजूने. कोणते चित्रपट आले, कोणत्या गाण्यांवर चिल्लर उधळली गेली, बायकांची आणि पुरुषांची बसण्याची सोय कशी वेगळी होती, याच्या आठवणी पुष्कळ आहेत. उजेड कुठून आला आणि तो पडद्यापर्यंत कोणत्या तारेतून गेला, हा इतिहास कुणी कागदावर ठेवला नाही. तो जर कुठे शिल्लक असेल तर अशा गाड्यांच्या फळ्यांमागेच आहे, आणि 'सगळे उपटून टाका' या सल्ल्याबरोबर तोही भंगारात जातो.

उजेड वाहून नेण्याची गोष्ट

मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली. त्यानंतर थोड्याच वर्षांत अब्दुलअली युसूफअली यांच्यासारखे लोक तंबू आणि यंत्र घेऊन आग्नेय आशियात आणि मग हिंदुस्थानात फिरू लागले. त्या काळी विजेवाचून खेळ करता येई. यंत्र हाताने फिरवले जाई, आणि चुन्याच्या गोळ्यावर वायूची ज्योत सोडून मिळणारा झगझगीत पांढरा प्रकाश चित्रे पडद्यावर टाकण्यास पुरे पडे. तमाशाच्या फडाचीही तीच स्थिती होती. दिवट्या आणि मशाली, पुढे पेट्रोमॅक्सच्या बत्त्या, एवढ्या सामग्रीवर रात्र निघत असे.

हे चित्र बदलले ते बोलपटाने. 'आलम आरा' १९३१ मध्ये आला, प्रभातचा 'अयोध्येचा राजा' १९३२ मध्ये. बोलपटाची फिल्म सेकंदाला २४ चित्रे या एकाच वेगाने पळावी लागते, नाहीतर आवाज फाटतो. म्हणजे हात गेला आणि मोटर आली. आवाज वाढवायला अॅम्प्लिफायर आला. मोठ्या पडद्याला पुरेल असा उजेड हवा म्हणून कार्बनचा आर्क आला. दोन कार्बनच्या कांड्या एकमेकींजवळ आणून त्यांच्यामध्ये जळणारी ती ठिणगी आकाराने लहान, पण तिची भूक मोठी: पन्नासच्या आसपास व्होल्ट आणि तीस-चाळीस अँपिअर, तेही डी.सी. विजेचे. जत्रेच्या माळावर हे सगळे कुठून मिळणार? म्हणून गाडीबरोबर इंजिन आले, इंजिनाला पट्ट्याने जोडलेला जनरेटर आला, आणि जनरेटरपासून आर्कपर्यंत करंगळीएवढ्या जाडीच्या तारा आल्या. दख्खनच्या पठारावर हे जमून आले याला इथल्या कारखानदारीचाही हातभार होता. साताऱ्याजवळ धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने डिझेल इंजिने बनवली, आणि १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनी स्थापन झाली. विहिरीवरच्या पंपासाठी बनलेले इंजिन जत्रेत सिनेमाही दाखवू लागले.

याच सुमारास अमेरिकेत चाकांवरच्या घरांचा एक वेगळा संसार उभा राहत होता. 'एअरस्ट्रीम' कंपनीच्या १९३६ च्या 'क्लिपर'मध्ये विजेचे दिवे होते. ती घरे हौसेची, सुटीत फिरणाऱ्यांची. आपल्याकडच्या या गाड्या मात्र पोटामागे फिरणाऱ्यांच्या होत्या. तरीही तांत्रिक प्रश्न दोन्हीकडे एकच होता: जे घर एका जागी राहत नाही, त्यात वीज कशी खेळवायची?

तारेलाच विचारायचे

कामाला आमच्याबरोबर वेल्ह्याकडचे एक निवृत्त वायरमन होते. सगळे त्यांना नाना म्हणतात, आम्हीही तेच म्हणू. पहिल्या दिवशी आम्ही कागद-पेन्सिल घेऊन अंदाज बांधू लागलो, तेव्हा ते म्हणाले, "अंदाज नका करू. वायर कुठं जाती ते वायरलाच विचारायचं." पुढचे आठ दिवस आम्ही तेच केले.

पद्धत सोपी आहे, पण तिच्यात घाई चालत नाही. आधी बॅटरीची दोन्ही टोके सोडवली, जनरेटरची जोडणी काढली, बाहेरून वीज घेण्याची केबल काढून शेडबाहेर ठेवली. वायरिंग मेलेले आहे यावर विश्वास न ठेवता प्रत्येक बोर्डावर टेस्ट लॅम्प लावून खात्री केली. मग प्रत्येक टोकाला चिकटपट्टीवर आकडा लिहून बांधला. एका टोकाला मीटरची एक सळई धरायची आणि उरलेल्या सगळ्या टोकांना एकेक करून दुसरी लावायची. मीटर वाजला की ती जोडी वहीत लिहायची. रंगावर विसंबायचे नाही. आपल्याकडे लाल, पिवळी, निळी या फेजच्या, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची, असा संकेत आहे. या गाडीत हिरवी वायर एका पंख्याला फेज पुरवत होती, कारण ज्या दिवशी तो पंखा बसवला त्या दिवशी हाताशी हिरवीच वायर होती.

जसजशा फळ्या निघू लागल्या तसतसे काळाचे थर दिसू लागले. सर्वांत आत, सागवानी पट्ट्यांवर पितळी क्लिपांनी बसवलेल्या रबरी तारा होत्या. वरचे सुती वेष्टण काळे पडलेले, आतले रबर बिस्किटासारखे हातात तुटणारे. त्या वरच्या थरात अॅल्युमिनियमच्या तारा. तांब्याच्या टंचाईमुळे आणि परकीय चलन वाचवण्यासाठी साठ-सत्तरच्या दशकांत आपल्या देशात घरगुती वायरिंगलाही अॅल्युमिनियम सर्रास वापरले गेले. घरात ते कसेबसे टिकते, चालत्या गाडीत टिकत नाही. हा धातू स्क्रूखाली दबून हळूहळू सरकतो आणि जोड सैल पडतो. उघड्या पृष्ठभागावर न वाहणारा ऑक्साइडचा थर धरतो. तांब्याशी थेट जोडला तर दमट हवेत गंजतो. आणि सततच्या हादऱ्याने एकसंध तार तुटते. आम्हांला सापडलेल्या जळक्या जोडांपैकी बहुतेक याच थरातले होते. सर्वांत वर अलीकडच्या प्लॅस्टिकच्या वायरी, खिळ्यांना गुंडाळलेल्या, टेपच्या भरवशावर सोडलेल्या.

मापांचीही हीच कथा. नाना वायरची जाडी पाहून 'तीन-बावीस', 'सात-वीस' असे सांगत. म्हणजे बावीस गेजच्या तीन तारा, वीस गेजच्या सात. ब्रिटिश काळातली ही मापे मेट्रिक पद्धत आल्यावरही वायरमनांच्या तोंडी टिकली. आमच्यातल्या तरुणांना दीड आणि अडीच चौरस मिलिमीटर कळत होते, नानांना गेज. शेवटी वहीत दोन्ही रकाने घातले.

गाडीत एक नव्हे, तीन वेगवेगळ्या व्यवस्था नांदत होत्या. पहिली, गाडीच्या स्वतःच्या बॅटरीची, बारा व्होल्टांची. हिच्यात एकच तार दिव्यापर्यंत जाते आणि परतीची वाट लोखंडी चासी पुरवते. बहुतेक मोटारगाड्यांत असेच असते. दुसरी, जनरेटरची २३० व्होल्टांची: बल्ब, पंखे, अॅम्प्लिफायर. तिसरी, रेक्टिफायरपासून आर्कपर्यंतची. आर्कची यंत्रणा केव्हाच निघून गेली होती, पण तिच्या जाड तारा तशाच भिंतीत होत्या. कुणीतरी त्यांपैकी एक नंतर बारा व्होल्टांच्या दिव्यांसाठी वापरून घेतली होती, आणि ते अडाणीपणाचे काम नव्हते. साठ वॅटचा दिवा २३० व्होल्टांवर पाव अँपिअर घेतो, बारा व्होल्टांवर पाच. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेने दहा मीटरवर तो लावला, तर जाण्या-येण्याच्या वाटेतच सव्वा व्होल्टाच्या आसपास गळून जातो आणि दिवा पिवळा पडतो. ज्याने जाड तार निवडली त्याला हे गणित ठाऊक नसेलही, पण त्याने दिवा पाहिला होता.

झिणझिण्या

आम्ही हट्ट का धरला होता, हे सांगायला हवे. मालकांच्या घरात एक आठवण होती. पावसाळी हवेत गाडी 'झिणझिण्या देते', हे सर्वांना माहीत होते. अनवाणी कुणी पत्र्याला हात लावायचा नाही, अशी ताकीद असे. एका जत्रेत, वळवाचा पाऊस पडून गेल्यावर, तिकिटे फाडणारा पोऱ्या गाडीच्या पायरीला हात लावताच फेकला गेला. तो वाचला. त्या रात्री खेळ झाला नाही. दुसऱ्या दिवशी वायरमन आला, त्याने फ्यूज बदलले, दोन जोडांना टेप मारली आणि गाडी पुढच्या गावी निघाली. कारण कधीच सापडले नाही. आणि विशेष म्हणजे, घरातल्या सर्वांत वयस्कर आजींचे म्हणणे असे की, 'आमच्या वेळी गाडी असं करत नव्हती.' नवे वायरिंग घातले असते तर धोका गेला असता. पण आजींचे म्हणणे खरे की स्मृतीचा खेळ, हे कळले नसते.

कारण सापडले ते सहाव्या दिवशी, तिकिटांच्या खिडकीच्या मागे. तिथल्या बल्बला एकच वायर येत होती. दुसरे टोक एका स्क्रूने बॉडीच्या पत्र्याला आवळलेले होते. प्रोजेक्टरच्या खोलीतला दिवा, पायरीवरचा दिवा, दोन्ही तसेच. ज्या कुणी हे केले त्याने मोटारगाडीची पद्धत जनरेटरच्या विजेला लावली होती: एक तार न्यायची, परतीला लोखंड आहेच. निम्मी वायर वाचली. आज हे पाहून कुणीही कपाळावर हात मारील. आम्हीही मारला. नाना मात्र बराच वेळ त्या स्क्रूकडे पाहत बसले आणि म्हणाले, "जनरेटरवर चाललं असंल की हे."

ते खरे होते. गाडीवरच्या जनरेटरची दोन्ही टोके जमिनीपासून सुटी असतात. त्यांतले एक टोक पत्र्याला जोडले, तरी पत्र्याला हात लावून जमिनीवर उभ्या असलेल्या माणसातून वीज वाहायची तर ती जमिनीतून परत जनरेटरच्या दुसऱ्या टोकाकडे जायला हवी, आणि तशी वाट नसते. वर्तुळ पुरे होत नाही, म्हणून धक्का बसत नाही. जोवर गाडी स्वतःच्या जनरेटरवर होती तोवर हे वायरिंग काटकसरीचे होते आणि चालून जात होते. दुसऱ्या तारेचे आवरण फाटून ती जमिनीला टेकली तर मात्र धोका होता. पण ते न घडता वर्षे गेली.

मग गावात वीज आली.

खांब आल्यावर

भोर-वेल्ह्याला वीज येण्याची कथा सरळ नाही. या डोंगरांतले पाणी फार आधी कामाला लागले होते. येळवंडी नदीवर भाटघरला पहिले धरण १८९२ च्या सुमारास पुरे झाले, आणि त्याच्या खालच्या अंगाला बांधलेले मोठे लॉईड धरण १९२८ मध्ये. ते पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामतीकडच्या उसाला गेले. वेल्ह्याच्या उत्तरेला मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला. धरण तरीही झाले आणि तिथल्या पाण्यावर भिऱ्याच्या वीजघरातून निघालेली वीज मुंबईला गेली. पाणी सह्याद्रीचे आणि उजेड इतरांचा, हा अनुभव या टापूत जुना आहे. भाटघरच्या पायथ्याशी १६ मेगावॅटचे वीजघर सुरू झाले ते १९७७ मध्ये, धरणानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी.

महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत खांब गावोगाव पोहोचले. मोठ्या गावांत आधी, तोरणा-राजगडाच्या कुशीतल्या वाड्यावस्त्यांवर फार उशिरा. नानांनी आयुष्यातला पहिला बल्ब पाहिला तो घरात नव्हे, जत्रेतल्या अशाच एका गाडीवर. पुढे त्यांनी स्वतः खांबांवर चढून तारा ओढल्या. खांब आला की फिरत्या सिनेमावाल्याचे गणित बदलते. डिझेल जाळून जनरेटर चालवण्यापेक्षा गावात तात्पुरती जोडणी घेणे स्वस्त. म्हणून या गाडीलाही बाहेरून वीज घेणारी केबल लागली, साध्या दोन पिनांच्या प्लगची.

इथे सगळे उलटे झाले. मंडळाच्या विजेचा न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीत पुरलेला असतो. म्हणजे जमीन हाच आता परतीचा एक मार्ग झाला. दोन पिनांचा प्लग एका बाजूने लावला तर गाडीच्या पत्र्यावर न्यूट्रल येई, उलटा लावला तर फेज. उलटा लागला की अख्खी गाडी, पायरीपासून टपापर्यंत, २३० व्होल्टांवर जाई. आणि रबरी टायरांमुळे ती जमिनीपासून सुटी असल्याने फ्यूजही उडत नसे. दिवे व्यवस्थित लागत. दोष जाहीर व्हायचा तो कुणी ओल्या मातीवर उभे राहून पायरीला हात लावील तेव्हाच. पोऱ्या फेकला गेला त्या संध्याकाळी प्लग उलटा लागला होता, एवढेच. दुसऱ्या दिवशीच्या गावी तो सुलटा लागला असेल, आणि वायरमनच्या टेपने काम झाले असे सर्वांना वाटले असेल.

आजींचे म्हणणे बरोबर होते. त्यांच्या वेळी गाडी असे करत नव्हती. गाडीच्या आतली एकही तार बदलली नव्हती. तारेभोवतीचे जग बदलले होते. आमच्या दृष्टीने या साऱ्या खटाटोपाचे फलित हेच आहे. जुन्या वायरिंगमध्ये दिसणारी प्रत्येक चूक ही मुळात चूक असतेच असे नाही. पुष्कळदा ती एका विशिष्ट परिस्थितीत चाललेली व्यवस्था असते आणि परिस्थिती बदलल्याचे तिला कुणी सांगितलेले नसते. ज्याने तो स्क्रू आवळला त्याला मूर्ख ठरवणे सोपे आहे. त्याने जे गृहीत धरले होते ते कुठेही लिहून ठेवले नाही, हा त्याचा खरा दोष. आणि पुढच्यांनी ते विचारले नाही, हा पुढच्यांचा.

नवे घालताना

नवे वायरिंग घालताना म्हणूनच आम्ही प्रत्येक निर्णयाचे कारण वहीत लिहीत गेलो. बॅटरीची व्यवस्था आणि २३० व्होल्टांची व्यवस्था पूर्ण वेगळ्या केल्या. त्या एका नळीतून जात नाहीत, एका बोर्डावर येत नाहीत. २३० व्होल्टांच्या प्रत्येक जागी फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग अशा तीन तारा; पत्र्याचा उपयोग परतीसाठी कुठेही नाही, पण पत्रा आणि चासी अर्थिंगला पक्की बांधलेली. तारा सगळ्या तांब्याच्या आणि बारीक धाग्यांच्या, कारण एकसंध तार हादऱ्याने तुटते. पत्र्यातून जाणाऱ्या प्रत्येक भोकाला रबरी कडे. जोड पिळून टेप मारलेले नव्हे, तर दाबून बसवलेल्या थिंबलांचे, आणि उघडून पाहता येतील अशाच ठिकाणी. दिवे एलईडीचे केल्याने भार इतका उतरला की बारा व्होल्टांची जुनी डोकेदुखी जवळजवळ संपली. बाहेरची वीज घेण्यासाठी तीन पिनांचे, उलटे लावताच येणार नाही असे जोडसाधन. जुनी, दोन्ही टोकांना पिना असलेली एक केबल गाडीत सापडली होती. एक टोक खांबाकडे लावले की दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांवर वीज. ती आम्ही तिथेच कापून टाकली.

सर्वांत अधिक विचार करावा लागला तो अर्थिंगचा. घराला जमीन असते, गाडीला नसते. मुक्काम पडेल तिथे सळई ठोकून ती मिळवावी लागते. आणि हा मुलूख काळ्या पाषाणाचा. वीतभर मातीखाली मुरूम, त्याखाली कातळ. सळई हातभरसुद्धा जात नाही, गेली तरी कोरड्या मुरमात तिचा विजेला होणारा अडथळा मोठा. समजा तो पन्नास ओहम आहे. फेज पत्र्याला चिकटला, तर २३० भागिले ५०, म्हणजे साडेचार अँपिअरच्या आसपास वीज जमिनीत जाईल. पंधरा अँपिअरचा किटकॅट फ्यूज त्याने ढिम्म हलणार नाही. म्हणून भोर-वेल्ह्यासारख्या प्रदेशात नुसत्या सळईवर आणि फ्यूजवर भिस्त ठेवता येत नाही. तीस मिलिअँपिअरला उडणारा आरसीसीबी हवाच. जाणाऱ्या आणि येणाऱ्या विजेत तेवढी तफावत पडली की तो क्षणार्धात तोडतो. गाडी जनरेटरवर असेल तेव्हाही हे काम करावे म्हणून, चेंजओव्हर स्विच जनरेटरकडे असतानाच जनरेटरचे एक टोक अर्थिंगला जोडले जाईल आणि खांबाकडे फिरवताच सुटेल, अशी रचना केली. जुन्या वायरिंगची सारी गोष्ट या एका स्विचमध्ये येऊन बसली आहे, असे आम्हांला वाटते.

यात आम्ही नवे काही शोधले नाही. फिरत्या सिनेमाला परवाना देताना वीजजोडणी तपासण्याची तरतूद मुंबई सिनेमा अधिनियम १९५३ आणि त्याखालच्या १९६६ च्या नियमांच्या चौकटीत होतीच. विद्युत सुरक्षेचे केंद्रीय नियम १९५६ चे, मग २०१० चे, आणि आता २०२३ चे. नियम नव्हते म्हणून अपघात झाले असे नाही. हरियाणातील डबवाली येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या कार्यक्रमाच्या मंडपाला आग लागून चारशेहून अधिक माणसे गेली, त्यांत बहुतेक मुले. तात्पुरता मंडप, तात्पुरती वीज, एक ठिणगी. तात्पुरत्या गोष्टीची नोंद ठेवायची नसते, ही समजूत तिथेही होती. सिनेमाची गाडी तर जन्मभर तात्पुरतीच.

वही

शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला आणि वाखाणला गेला. महाराष्ट्रातल्या फिरत्या सिनेमाचा फिल्मकडून डिजिटल यंत्राकडे झालेला प्रवास त्यात आहे, आणि प्रोजेक्टर दुरुस्त करणारा एक कारागीरही. यंत्र बदलले की त्याच्याभोवतीचे ज्ञान कसे पोरके होते, हे त्यात दिसते. वायरिंगच्या बाबतीत ते आणखी लवकर होते, कारण वायरिंग कुणाला दिसतच नाही.

हा विषय जुन्या गाड्यांपुरता आहे असेही नाही. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. पानशेतच्या काठाला, राजगडाच्या पायथ्याला अशी चाकांवरची घरे येऊन थांबू लागली तर नवल नाही. भोरच्या राजवाड्यात चित्रीकरण असले की जनरेटरच्या गाड्या आणि व्हॅनिटी व्हॅन आवारात उभ्या राहतातच. त्यांच्या तारा आज नव्या आहेत. त्यांच्याभोवतीचे जग उद्या बदलेल: छपरावर सौर पट्ट्या येतील, लिथियमच्या बॅटऱ्या येतील, एखादी जुनी तार कुणीतरी नव्या कामाला जुंपील. त्या वेळी आत काय आहे आणि ते तसे का आहे, हे सांगणारा कागद गाडीत असेल की नाही, एवढाच प्रश्न आहे.

आमच्या गाडीत तो आहे. बोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूस नव्या वायरिंगचा नकाशा प्लॅस्टिकमध्ये घालून चिकटवला आहे, आणि त्याखालच्या खणात जुन्या वायरिंगची वही. वहीत सागवानी पट्टीचा एक तुकडा, अॅल्युमिनियमचा एक जळका जोड आणि तिकिटाच्या खिडकीमागचा तो स्क्रू कागदात बांधून ठेवला आहे. गाडी पहिल्यांदा बाहेर निघाली ती वेल्ह्याच्या दिशेने. संध्याकाळी मुक्कामाला थांबल्यावर नानांनी आधी सळई ठोकायला घेतली. पहिल्या दोन जागी कातळ लागला, तिसऱ्या जागी ओढ्याकाठच्या ओल्या मातीत ती शिरली. मग त्यांनी आरसीसीबीचे चाचणीचे बटण दाबले, तो उडाला, पुन्हा वर केला आणि दिवा लावला. आजी अनवाणी उतरल्या आणि जाता जाता त्यांनी पायरीच्या पत्र्यावर सहज हात ठेवला.